नाव फायलीच्या पोटात

पहूरच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. पीजेचे, म्हणजे पाचोरा-जामनेर नॅरोगेज गाडीचे, वर्षानुवर्षं काढलेले फोटो त्यांनी नव्या हार्ड डिस्कवर घेतले, तर सगळ्यांवर तारीख एकच, कॉपी केल्याच्या दिवसाची. ॲपमध्ये बसून फोटोंना दिलेली नावंही गेली. कॅसेटवरून उतरवलेल्या आईच्या ओव्या तर आधीपासूनच नुसत्या ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’. आता काय करायचं?

तारीख गेलेलीच नाही. फोल्डरमध्ये दिसते ती डिस्कची तारीख. फोटो काढल्याची तारीख फायलीच्या आत, ‘एक्झिफ’ नावाच्या कप्प्यात असते. १९९५ मध्ये जपानमध्ये ही पद्धत ठरली. फाइल दहा डिस्कांवर फिरवा, ती तारीख तशीच राहते. पीजेच्या बाबतीत तिला मोल आहे, कारण २०२०च्या टाळेबंदीत गाडी थांबली आणि पुढे ब्रॉडगेजचं काम निघालं. नावांचं मात्र वाईट झालं. ॲपने ती फोटोत लिहिलीच नव्हती. स्वतःच्या वहीत लिहिली होती, आणि वही जुन्या संगणकावर राहिली.

ही अडचण गायिका गौहर जानने १९०२ सालीच सोडवली होती. त्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायसबर्गने कलकत्त्यात तिचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना कुठलं गाणं कुणाचं हे कसं कळावं? म्हणून गाणं संपता संपता बाई ठसक्यात इंग्रजीत सांगायची, ‘माय नेम इज गौहर जान’. कागदी लेबल निघून जाईल, तबकडी दुसऱ्याच पाकिटात जाईल. नाव खाचेतच कोरलेलं. तबकड्यांच्या संग्राहकांना या एका वाक्याचं कोण अप्रूप!

गंमत म्हणजे, १९९६ मध्ये एमपीथ्रीसाठी एरिक केम्पने ‘आयडीथ्री’ टॅग काढला, तोही फायलीच्या अगदी शेवटी, गौहर जानच्याच जागी. उद्देश हा, की टॅग न कळणारे जुने प्लेअर सुरुवातीलाच अडू नयेत. तरी त्यातल्या काहींची फसगत व्हायचीच. गाणं संपल्यावर ते टॅगच वाजवायचे आणि क्षणभर खरखर ऐकू यायची. सगळा मिळून टॅग १२८ बाइटचा, त्यात गाण्याच्या नावाला ३०. इंग्रजीला ते कसंबसं पुरे. देवनागरीचं अक्षर, काना, मात्रा, हलन्त, प्रत्येकाला यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट लागतात. ‘महाराष्ट्र’ एवढं लिहिलं की ३० बाइट संपले! शिवाय तेव्हाच्या प्लेअरांना देवनागरी समजतही नव्हती. १९९८ पासूनच्या दुसऱ्या आवृत्तीत युनिकोड आलं, टॅग फायलीच्या पुढे गेला आणि जागेची चणचण मिटली. तेव्हा ओव्यांसाठी दुसरीच आवृत्ती वापरा. गायिकेच्या रकान्यात आईचं नाव आणि शेरा लिहायच्या जागी गाव घाला, कॅसेटचं साल ठाऊक असेल तर तेही.

फोटोंना मराठी मजकूर एक्झिफमध्ये घालू नका. त्यातला वर्णनाचा रकाना मूळचा इंग्रजी अक्षरांपुरता. फायलीतल्याच ‘एक्सएमपी’ नावाच्या दुसऱ्या कप्प्यात घाला, तिथे देवनागरी निर्धास्त राहते. यासाठी ‘एक्झिफटूल’ फुकट मिळतं. २००३ पासून ते सांभाळणारे फिल हार्वी कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठाचे, सडबरीच्या न्यूट्रिनो वेधशाळेत काम केलेले. तिथल्या शोधाला २०१५च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. जगभरचे छायाचित्रकार वापरतात त्या साधनाच्या कर्त्याचं नाव मात्र किती जणांना ठाऊक आहे? कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलं असेल, तर सगळ्या फोटोंच्या तारखा एका आज्ञेत पुढेमागे करण्याची सोयही त्यात आहे.

‘एआय सगळं ओळखतं, नावं कशाला लिहायची?’ असं हल्ली फार ऐकू येतं. एआय इंजिन ओळखेल, फलाटही ओळखेल. डब्याच्या दारात उभे असलेले तुमचे मामा मात्र कुणी सांगितल्याशिवाय ओळखणार नाही. त्यांना ओळखणारी माणसं इंटरनेटवर नाहीत, पीजेच्या वाटेवरच्या शेंदुर्णीत आहेत.

हे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. ‘फोटो’ म्हणून पाठवलात की एक्झिफ पुसलं जातं. अनोळखी माणसाला घराचा फोटो धाडताना मात्र हेच पथ्यावर पडतं, कारण काढताना जीपीएस चालू असेल तर घराचे अक्षांश-रेखांशही त्याच कप्प्यात असतात.