वीज गेली तरी फोन सुरू राहावा म्हणून...

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईच्या मोठ्या भागातील वीजपुरवठा एकाएकी खंडित झाला. लोकल गाड्या जागीच थांबल्या. करोनामुळे घरूनच काम करणाऱ्या आणि शिकणाऱ्या असंख्य लोकांचे व्यवहारही त्याच क्षणी ठप्प झाले. कारण घरातील दिव्यांबरोबर इंटरनेटही गेले होते.

जुन्या दूरध्वनीची गोष्ट वेगळी होती. भारनियमनाच्या काळात घर अंधारात असतानाही तो खणखणत असे. त्याला लागणारी वीज घरातून नव्हे, तर दूरध्वनी केंद्रातून तांब्याच्या तारेवाटे येई. केंद्रातील बॅटऱ्या सुमारे ४८ व्होल्टचा दाब कायम राखत आणि त्यांच्या पाठीशी जनित्र असे. अर्थात, ही सोय साध्या, तारेच्या फोनपुरतीच होती. कॉर्डलेस फोनचा तळसंच घरच्या विजेवर चालत असल्याने वीज गेली की तोही मुका होई.

ऑप्टिकल फायबरने हे चित्र बदलले. काचेच्या तंतूतून प्रकाश जातो, वीज जात नाही. त्या प्रकाशाचे संदेशात रूपांतर करणारी पेटी आणि वाय-फाय पसरविणारा राउटर यांना घरातूनच वीज पुरवावी लागते. फायबरवरचा दूरध्वनीही याच पेटीला जोडलेला असतो. त्यामुळे वीज गेली की फोन आणि इंटरनेट दोन्ही एकदमच बंद पडतात.

हिशेब वॉटचा

दिलाशाची बाब अशी, की या उपकरणांची भूक फार थोडी असते. बहुतेक राउटर १२ व्होल्टवर चालतात आणि साधारण १० वॉट वीज घेतात. राउटरसाठी मिळणाऱ्या छोट्या यूपीएसच्या खोक्यावर १०,००० मिलिअॅम्पिअर-तास असे लिहिलेले असले, तरी तो आकडा बहुधा आतील ३.७ व्होल्टच्या लिथियम बॅटरीचा असतो. म्हणजे प्रत्यक्ष साठा ३७ वॉट-तासांचा. रूपांतरातील घट वजा जाता सुमारे ३० वॉट-तास हाती उरतात. १० वॉटचे एक उपकरण त्यावर तीन तास चालेल. पेटी आणि राउटर वेगवेगळे असतील, तर जेमतेम दीड तास. ज्या घरी इन्व्हर्टर आहे, तेथे ही दोन उपकरणे त्याच्या जोडणीवर घेणे हा सर्वांत सोपा मार्ग.

छोटा यूपीएस घेताना अडॅप्टरवरील आकडे पाहणे अत्यावश्यक आहे. व्होल्ट तंतोतंत जुळायला हवेत, अॅम्पिअर तेवढे किंवा अधिक असावेत आणि पिनेचे धन-ऋण टोकही तेच असावे. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्ट दिल्यास तो कायमचा निकामी होऊ शकतो. बॅटरीही कालांतराने क्षीण होते, हे विसरता कामा नये.

घराबाहेरची कडी

घरातील तजवीज चोख असूनही इंटरनेट बंद राहू शकते. केंद्रापासून घरापर्यंत सलग फायबर असेल, तर वाटेतील विभाजकाला सहसा वीज लागत नाही. मात्र अनेक इमारतींत फायबर गच्चीवरील किंवा जिन्यातील पेटीपर्यंतच येते आणि तेथील स्विचमधून घरोघरी केबल जाते. त्या स्विचला बॅटरीचा आधार आहे काय, हे सेवा देणाऱ्याला आधीच विचारून घ्यावे. नसल्यास सोसायटीने तो बसवून घेणे हिताचे ठरते.

मोबाइल हा पर्याय आहेच. पण तोही अमर्याद नाही. टॉवरना बॅटरीचा आणि अनेक ठिकाणी डिझेल जनित्राचा आधार असला, तरी तो काही तासांचाच असतो. शिवाय घरोघरचे वाय-फाय बंद पडताच सर्वांचा भार मोबाइल जाळ्यावर येतो. अशा वेळी चित्रफिती टाळाव्यात, लघुसंदेशावर भागवावे आणि पॉवर बँक भरलेली ठेवावी.

हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ नागरिकाला रात्री अस्वस्थ वाटू लागले, तर ११२ क्रमांक किंवा मुलांचा फोन लागणे हाच मोठा आधार असतो. ब्रिटनमधील दूरसंचार नियामक ऑफकॉमने २०१८ मध्येच याची दखल घेतली. वीज गेल्यावर किमान एक तास आपत्कालीन सेवेशी संपर्क साधता येईल अशी सोय, केवळ घरच्या फोनवर अवलंबून असलेल्या ग्राहकांना कंपन्यांनी द्यावी, असे त्याचे मार्गदर्शक तत्त्व आहे.

आपल्या घरी याची खातरजमा करण्यास खर्च नाही. एखाद्या संध्याकाळी मुख्य स्विच बंद करून फोन लावून पाहावा आणि इंटरनेट किती वेळ टिकते, ते घड्याळ लावून मोजावे. ही रंगीत तालीम पावसाळ्याआधी झालेली बरी.