आधी ब्रेक, मग इंजिन

मूर्तिजापूरहून एकीकडे अचलपूरला आणि दुसरीकडे यवतमाळला जायची त्या शकुंतला रेल्वेचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला तयार झालं. १९२३ पासून ते वऱ्हाडात डबे ओढत राहिलं आणि १५ एप्रिल १९९४ रोजी त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली. लोकांनी त्या दिवसापासून गाडीला वेगळं नाव काही दिलं नाही. रूळ तेच, स्टेशनं तीच, आणि डब्यात बसणाऱ्याला पुढे कोण ओढतंय याच्याशी फारसं देणंघेणं नव्हतं. रेल्वेत हे जमतं, कारण इंजिन आणि डबा मुळातच वेगळे. मधला हुक काढला की काम झालं.

बसमध्ये असा हुक नसतो. इंजिन, क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शियल, ब्रेक, स्टीअरिंग आणि वर मुलं बसतात तो सांगाडा, सगळं चेसिसच्या दोन लांब पट्ट्यांवर कसलेलं. त्यातलं एक बदललं की शेजारचं कुरकुरायला लागतं. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात हल्ली एक कल्पना हमखास निघते: शाळेमागे कडुनिंबाखाली उभी असलेली आपली जुनी बस पुन्हा चालू करायची, बाहेरून तशीच ठेवायची, आत नवं इंजिन टाकायचं. टाळ्या पडतात, वर्गणीचे आकडे ठरतात. पण कामाची सुरुवात इंजिनापासून केली, तर पैसाही जातो आणि बसही.

उदाहरणार्थ, अकोल्याच्या जुन्या शहरात हा विचार करायचा तर आधी बस कुठली, ते पाहावं लागेल. १९७०-८० च्या काळात मोठी बस म्हणजे बहुधा टाटाची. टाटांचा डाइमलर-बेंझशी करार १९५४ सालचा. तो १९६९ मध्ये संपला, तरी त्या यंत्राची जात पुढची बरीच वर्षं टिकली. टाटा १२१० या मॉडेलच्या आकड्यातच गाडीची कुंडली होती: भरल्या गाडीचं वजन सुमारे १२ टन, ताकद शंभरच्या आसपास अश्वशक्ती. लहान शाळांकडे पुण्याच्या बजाज टेम्पोची मॅटाडोर, आणि १९८६ नंतर टाटा ४०७. जुन्या शहरात लहान गाडीच सोयीची होती, हेही खरं. मोर्णा नदीच्या पश्चिम काठावर असदगड किल्ल्याभोवती आणि राजराजेश्वर मंदिराकडे जाणाऱ्या गल्ल्या घोड्या-बैलांच्या काळातल्या. मोठी बस तिथे शिरली तरी वळणार कुठे? मुलांनीच नाक्यापर्यंत चालत यायचं, असा तो हिशेब.

आता समजा, अशी एखादी १२१० हाती लागली. पहिलं काम तिच्याखाली झोपून करायचं. त्या काळच्या कित्येक बॉडींची चौकट लाकडी असे आणि वर पत्रा. पत्रा चकचकीत दिसतो, आत लाकूड वाळवीने पोखरलेलं किंवा पावसाने कुजलेलं. लाकूड बदलता येतं. चांगला सुतार आणि बॉडीवाला मिळाला तर तो या कामातला सगळ्यात आनंदाचा भाग असतो. खरी भीती चेसिसची. चेसिसची पट्टी उभ्या 'सी'सारखी असते: मधे उभी भिंत, वर आणि खाली दुमडलेल्या कडा. बस खड्ड्यात आदळते तेव्हा सगळ्यात जास्त ताण त्या वरच्या आणि खालच्या कडांवर येतो. म्हणून नवा ब्रॅकेट लावायचा तर भोक उभ्या भिंतीत पाडायचं, कडेला हात लावायचा नाही आणि तिथे आडवं वेल्डिंग तर अजिबात करायचं नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचं लोखंड ठिसूळ होतं आणि काही महिन्यांनी बरोबर त्या शिवणीशेजारी केसाएवढी भेग दिसते. जुन्या गाडीच्या चेसिसवर आधीच्या मालकांनी मारलेले असे टाके मोजले, तरी तिचा निम्मा इतिहास कळतो.

चेसिस धड निघाली की ब्रेक. जुन्या गाड्यांचे ब्रेक तेलाचे, आणि पुष्कळदा एकाच नळीच्या जाळ्यावरचे. म्हणजे कुठेही एक पाइप फुटला, की चारही कोपऱ्यांचा ब्रेक एकदम गेला. पायाखालचं पेडल सरळ फळीला टेकतं आणि ड्रायव्हर हँडब्रेक ओढत देवाचं नाव घेतो. आजच्या बसमध्ये हवेचे ब्रेक असतात, तेही पुढच्या-मागच्या चाकांचे वेगळे. एक बाजू गेली तरी दुसरी थांबवते. मागच्या चाकांवर स्प्रिंग ब्रेक असतो, त्याची रचना मला फार आवडते: हवेचा दाब ब्रेक लावत नाही, तर लागलेला ब्रेक सोडवून धरतो. टाकीतली हवा संपली की स्प्रिंग मोकळी होते आणि बस आपोआप जागच्या जागी बसते. बिघाड झाला तर गाडी सुटण्याऐवजी थांबते. मुलं नेणाऱ्या गाडीत याहून मोलाचा नवा भाग दुसरा नाही.

पण हवेला कॉम्प्रेसर लागतो, कॉम्प्रेसरला इंजिन फिरवतं, आणि जुन्या इंजिनावर तो बसवायची सोय असेलच असं नाही. हवेच्या टाक्या लटकवायला चेसिसवर जागा हवी. मागच्या अ‍ॅक्सलचे ड्रम वेगळे, म्हणून अ‍ॅक्सलच बदला. अ‍ॅक्सल बदलला की डिफरन्शियलचं गुणोत्तर बदललं. मग रिंगणात गिअरबॉक्स आला. एका चांगल्या ब्रेकच्या हट्टापायी अर्धी बस नवी होते, ती अशी. मिस्त्री मंडळी म्हणतात तेच खरं, "इंजिन बसवनं लय सोपं हाय बाप्पा, गाडी थांबवनं कठीन."

स्टीअरिंगचं आणि विजेचं फार लांबवत नाही. पॉवर स्टीअरिंग नसलेली बस दगडी पुलाच्या गर्दीत वळवायची म्हणजे खांद्यांची कसोटी. ते बसवायलाच हवं. कापडाच्या वेष्टणाच्या जुन्या वायरी एकजात काढून टाकाव्यात आणि डायनामोच्या जागी अल्टरनेटर घ्यावा. यात कंजुषी केली तर बस जळते.

मग इंजिन. इथे मोह दोन. पहिला मोह: अगदी नवं, कॉम्प्युटरवर चालणारं घ्यावं. ते घेतलं की त्याच्यामागे सेन्सर, वायरींचं जंजाळ, आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकाचं असेल तर धूर गाळणारी यंत्रणा आणि युरियाच्या द्रावणाची टाकीसुद्धा येते. हे सगळं त्या इंजिनाच्या मूळ गाडीसाठी आखलेलं. एक सेन्सर गप्प बसला, तर इंजिन दम धरत नाही आणि आपला मिस्त्री लॅपटॉपवाल्याची वाट बघत बसतो. माझं मत विचाराल, तर साध्या डिझेल पंपाचं इंजिन बरं. टाटाचं ६९७ घ्या: सहा सिलिंडर, साडेपाच लिटरहून थोडं मोठं. नाहीतर टाटा-कमिन्सच्या जमशेदपूरच्या कारखान्यातलं ५.९ लिटरचं टर्बो. पंप काढून कॅलिब्रेशनला द्यायचा, नोझल बदलायचे, एवढं जमणारी दुकानं वऱ्हाडात तालुक्याच्या गावीही असतात.

दुसरा मोह ताकदीचा. टर्बो इंजिन कमी फेऱ्यांवरही जोरदार पिळा देतं. तो पिळा पहिल्यांदा क्लचप्लेटवर येतो, मग गिअरवर, मग प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर, शेवटी क्राऊन-पिनियनवर. यातला जो सगळ्यात जुना असेल, तो आधी बोलतो.

शाफ्टचीच एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. गिअरबॉक्स वर, डिफरन्शियल खाली, त्यामुळे शाफ्ट तिरपा असतो आणि दोन्ही टोकांना क्रॉस लावून तो कोन सांभाळलेला असतो. तिरप्या क्रॉसमधून फिरताना शाफ्टचा वेग प्रत्येक फेरीत दोनदा वाढतो आणि दोनदा कमी होतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हीच चूक उलट्या बाजूने करतो आणि हिशेब मिटतो. पण दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील तरच. नवं इंजिन बसवताना मागचा माउंटिंग रबर दोन बोटं वर गेला, की कोन बिघडले. बस चाळीसच्या वेगाला थरथरायला लागते, लोक टायर बॅलन्स करत बसतात, सीट घट्ट करतात. दोष मात्र त्या दोन बोटांत असतो.

अकोल्याला आणखी एक परीक्षा आहे, ऊन. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणं इथे बातमीही नसते. टर्बो इंजिनाला मोठा रेडिएटर लागतो, आत घेतलेली हवा थंड करणारा इंटरकूलर लागतो, आणि जुन्या बसच्या नाकाडात तेवढी जागा नसते. जाळी तीच ठेवायची म्हणून रेडिएटर लहान घेतला, तर बस हिवाळ्यात फोटोपुरती चालेल.

ही साखळी किती लांब जाते, याचं उत्तम उदाहरण अमेरिकेतलं आहे. मोंटाना राज्यातल्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात १९३६ ते ३९ दरम्यान व्हाइट मोटर कंपनीने बांधलेल्या ३३ लाल बस पर्यटकांना फिरवत असत. १९८९ मध्ये त्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि पॉवर स्टीअरिंग दिलं गेलं. दहा वर्षांनी, १९९९ मध्ये, चेसिस थकून चिरल्याचं दिसलं आणि सगळा ताफा रस्त्यावरून काढावा लागला. गिअरबॉक्सच्या त्या बदलाचाही यात हात असावा, असं नंतर मानलं गेलं. मग फोर्ड कंपनीने जुनी बॉडी उचलून आपल्या ई-४५० चेसिसवर बसवली, प्रोपेनवरही चालणारं इंजिन दिलं, आणि २००२ मध्ये त्या बस परत आल्या. आधी एकेक भाग बदलला तेव्हा फसलं. संपूर्ण खालचा भाग एकाच घराण्याचा घेतला तेव्हा जमलं. लंडनच्या लाल दुमजली रूटमास्टरचं उदाहरण मात्र वेगळं. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या त्या बसमध्ये १९९० च्या दशकात शेकड्यांनी कमिन्स आणि इव्हेको इंजिनं बसवली गेली, आणि डिसेंबर २००५ पर्यंत त्या रोजच्या मार्गांवर धावल्या. तिथे काम वाहतूक संस्थेने केलं, एकाच नमुन्यावर, कागदासकट.

आपल्याकडे गाडं अडतं ते या कागदावर. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं, की निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. गॅस किंवा बॅटरीसारखं दुसरं इंधन वापरण्यासाठी मान्यताप्राप्त किट बसवायला मुभा आहे. खराब इंजिनाच्या जागी त्याच प्रकारचं दुसरं इंजिन परवानगी काढून, आरसीवर नोंद करून बसवता येतं. पण सांगाडा किंवा चेसिस बदलणं वेगळं; जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही रेषा आणखी ठळक केली.

मग 'व्हिंटेज' म्हणून नोंद करावी? जुलै २०२१ मध्ये केंद्राने त्यासाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या, खासगी वापराच्या दुचाकी आणि चारचाकींना 'व्हीए' मालिकेचा क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. अट मात्र अशी, की चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे नवे भाग घातले की ती व्हिंटेज उरली नाही, आणि नाही घातले तर ती चालवायची हिंमत होत नाही. शिवाय अशा गाड्यांना रोजच्या वापराची बंदी. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांसाठीच रस्त्यावर. आणि मोठ्या बसची तर चाकंच सहा.

शाळेच्या बसचा मार्ग त्याहून अरुंद. शैक्षणिक संस्थेची बस कायद्याने परिवहन वाहन ठरते, तिला फिटनेस प्रमाणपत्र लागतं. महाराष्ट्राच्या २०११ च्या शालेय बस नियमांत पंधरा वर्षांची वयोमर्यादा, वेगनियंत्रक, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी, मुलींसाठी महिला सहायक आणि मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती, हे सगळं आहे. पन्नाशीतल्या बसमध्ये कितीही उत्तम यंत्र घाला, तिच्यातून रोज मुलं नेता येणार नाहीत. आणि नेऊही नयेत, असंच मला वाटतं. जुन्या सांगाड्याला आजच्या बॉडी नियमांची ताकद नसते. धडक इंजिनाचं वय बघून बसत नाही.

गंमत म्हणजे महाराष्ट्राने जुन्या बसला नवं करण्याची रीत अगदी उलट्या बाजूने बसवली आहे. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू झालेल्या एसटीने गेल्या काही वर्षांत आपल्या अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडी उतरवून त्याच चेसिसवर पोलादी बॉडी चढवल्या. दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरची हिंगणा, या तीन मध्यवर्ती कार्यशाळांत हे काम झालं. इथे यंत्र टिकवलं आणि रूप टाकून दिलं, कारण अपघातात चेपतं ते रूप. वऱ्हाडातल्या खेड्यांत शाळेची खरी बस म्हणजे हीच लाल गाडी, नाहीतर मानव विकास कार्यक्रमातली मुलींसाठीची निळी. आठवणींचा विचार एसटीला परवडत नाही, तो माजी विद्यार्थ्यांना परवडतो.

तेव्हा ज्यांना तो परवडतो त्यांनी बस जरूर उभी करावी: शाळेच्या आवारात फिरेल, स्नेहसंमेलनाला नवे-जुने एकत्र बसतील, एवढ्यापुरती. मूळ जातीचंच इंजिन रिबोअर करून घ्यावं, पैसा ब्रेकवर ओतावा. आणि वर्गणी गोळा करायच्या आधी एक काम करावं. रॉकेलचा बोळा आणि तारेचा ब्रश घेऊन चेसिसच्या पट्टीवरचं ग्रीस खरवडावं, कोरलेला क्रमांक सापडला की त्यावर कागद धरून पेन्सिल घासावी आणि तो ठसा घेऊन अकोल्याच्या, म्हणजे एमएच-३० च्या, आरटीओ कार्यालयात जावं. बस अजून कोणाच्या नावावर आहे, संस्थेच्या की तीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या अध्यक्षांच्या, आणि मधल्या काळात तिची नोंदणी रद्द तर झालेली नाही ना, हे तिथे आधी कळतं.