विश्लेषण : पुराच्या रात्री मोर्सचा क्षीण संदेश ऐकायचा, तर रिसीव्हरला फिल्टर कोणता हवा?

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. जुलै २०२१ मध्ये सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव येथे दरडी कोसळल्या. अशा वेळी आधी वीज जाते, मग मोबाइल मनोऱ्यांच्या बॅटऱ्या संपतात. तेव्हा बॅटरीवर चालणारा हॅम रेडिओ, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओ, कामी येऊ शकतो. पण संदेश पाठवणे हे अर्धेच काम. तो खरखरीतून वेगळा काढून ऐकणे हे उरलेले अर्धे, आणि ते बरेचसे रिसीव्हरमधल्या फिल्टरवर अवलंबून असते.

मोर्स आजही कशासाठी?

भारतात तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण हौशी रेडिओवर मोर्स टिकून आहे. आवाजाच्या संदेशाला (एसएसबी) साधारण २४०० हर्ट्झ रुंदीचा पट्टा लागतो. मिनिटाला २० शब्दांच्या वेगाने पाठवलेल्या मोर्सला जेमतेम १०० हर्ट्झ पुरतात. म्हणजे पाच वॉटची शक्ती अगदी चिंचोळ्या जागेत एकवटते आणि जिथे बोलणे कळत नाही, तिथे डिट-डा कळतात. सह्याद्रीच्या डोंगररांगांमुळे पाटण खोऱ्यातून हातातल्या व्हीएचएफ संचाचा संदेश थेट सांगलीला पोहोचणे अवघड. ७ मेगाहर्ट्झचा संदेश मात्र दिवसा वर आयनांबरापर्यंत जाऊन परत खाली येऊ शकतो. डोंगर त्याच्या आड येत नाही.

फिल्टर नेमके काय करतो?

फिल्टर म्हणजे चाळण. हवा तो सूर आत येऊ द्यायचा, आजूबाजूचे सारे बाहेर ठेवायचे. खरखर ही पट्टाभर सारखी पसरलेली असते. त्यामुळे रुंदी २४०० वरून ५०० हर्ट्झवर आणली, की आत येणारी खरखर सुमारे पाचपट कमी होते; २५० वर आणली तर जवळपास दहापट. संदेशाची ताकद मात्र तेवढीच राहते. शेजारी दुसरे स्टेशन चालू असेल तर फायदा आणखी स्पष्ट दिसतो. एक किलोहर्ट्झ पलीकडचे स्टेशन रुंद फिल्टरमध्ये आपल्या सुरात मिसळते. ५०० हर्ट्झच्या चांगल्या फिल्टरमध्ये ते जवळपास गायब होते.

मग सर्वांत अरुंद फिल्टरच का घेऊ नये?

याची तीन कारणे आहेत. पहिले म्हणजे घणघण. फिल्टर जितका अरुंद, तितका तो घंटेसारखा वाजत राहतो. २० शब्दांच्या वेगात एक डिट ६० मिलिसेकंदांचा असतो. ५० हर्ट्झच्या फिल्टरमध्ये प्रत्येक ठोक्याची शेपटी सुमारे २० मिलिसेकंद रेंगाळते आणि वेग वाढला की डिट एकमेकांत मिसळतात. परीक्षेच्या मिनिटाला आठ शब्दांच्या वेगात डिट १५० मिलिसेकंदांचा असल्याने हा त्रास कमी जाणवतो.

दुसरे कारण आपला कान. सरावलेला कान ७०० हर्ट्झच्या आसपासचा सूर साधारण दीडशे हर्ट्झच्या पट्ट्यात स्वतःच वेगळा काढतो. त्यामुळे नुसत्या खरखरीपुरते पाहिले, तर ५०० वरून २५० वर गेल्याचा कागदावरचा फायदा कानाला तेवढा जाणवत नाही.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. गडबडीत लावलेला साधा संच नेमक्या वारंवारतेवर नसतो. समोरचा दोनशे-तीनशे हर्ट्झ बाजूला हाक मारत असेल, तर अरुंद फिल्टर लावून बसलेल्याला ती हाक ऐकूच येणार नाही.

फिल्टर संचात कुठे आहे, याने फरक पडतो का?

मोठा फरक पडतो. हेडफोनच्या आधी बसवलेला ऑडिओ फिल्टर स्वस्त आणि सोपा, पण तो सर्वांत शेवटी काम करतो. शेजारचे जोरदार स्टेशन तोवर आत आलेले असते. आवाज आपोआप कमी-जास्त करणारी एजीसी यंत्रणा त्या जोरदार संदेशाला पाहून सगळ्यांचाच आवाज खाली आणते. मग नको ते स्टेशन कानाला ऐकू येत नाही, पण हवा तो क्षीण सूरही त्याच्या प्रत्येक ठोक्यासरशी बुडतो. यावर उपाय म्हणजे एजीसीच्या आधी, मध्यंतर वारंवारतेच्या टप्प्यात बसवलेला क्रिस्टल फिल्टर. तो नसेल तर एजीसी बंद करून आरएफ गेन हाताने कमी करावा.

पंप, इन्व्हर्टर आणि वळिवाच्या विजांचे काय?

इथे फिल्टरच्या मर्यादा दिसतात. तारांवरची ठिणगी किंवा वळिवाची वीज म्हणजे क्षणभराचा तडाखा. अरुंद फिल्टर तो कमी करण्याऐवजी लांबवतो. ‘कड’ऐवजी ‘टिंग’ ऐकू येते. असे तडाखे अरुंद फिल्टरच्या आधीच, नॉइज ब्लँकरने कापावे लागतात. विजेच्या कडकडाटात थोडा रुंद फिल्टर अनेकदा जास्त कामाचा ठरतो. अर्थात वीज जवळ असेल तर अँटेना काढून ठेवणे हाच शहाणपणा.

सोलर इन्व्हर्टर, एलईडी दिवे, चार्जर यांच्या गोंगाटाचा उगम आधी शोधावा. संच बॅटरीवर चालवून घराचा मेन स्विच बंद करावा. खरखर थांबली, तर दोष घरातच आहे आणि नवा फिल्टर विकत घेण्याआधी तो चार्जर बदलावा.

कमी खर्चात काय जमेल?

हैदराबादचे अशर फरहान यांनी आराखडा केलेल्या ‘बिटएक्स’ने दाखवून दिले, की एकाच वारंवारतेचे साधे क्रिस्टल शिडीसारखे जोडून घरीही फिल्टर बनतो. हा संच मुळात बोलण्यासाठी असल्याने त्याचा फिल्टर रुंद आहे. मोर्ससाठी त्याला ७०० हर्ट्झच्या आसपासचा ऑडिओ फिल्टर जोडता येतो. आधुनिक डिजिटल संचांत रुंदी बटणाने बदलते, त्यामुळे वेगळी खरेदी लागत नाही. जुन्या संचासाठी एकच फिल्टर घ्यायचा, तर ५०० हर्ट्झचा घ्यावा. २५० चा फिल्टर स्पर्धा आणि गर्दीसाठी. फक्त रुंदी न पाहता कडा किती उभ्या आहेत, हेही पाहावे.

प्रत्यक्ष प्रसंगी वापर कसा करावा?

हाक ऐकताना फिल्टर रुंद ठेवावा. स्टेशन सापडले, की आधी त्याचा सूर फिल्टरच्या मध्यावर आणावा आणि मगच फिल्टर अरुंद करावा. समोरचा सरकला तर आपली प्रक्षेपण वारंवारता तशीच ठेवून फक्त ऐकण्याची वारंवारता आरआयटीने हलवावी. संदेश संपताच पुन्हा रुंद फिल्टर. कारण पुढची हाक कुठून आणि किती बाजूला येईल, हे आधी कुणालाच ठाऊक नसते. ही सवय पूर येण्याआधी, रोजच्या सरावातच लागायला हवी.