पाहुणा घरात, खबर गावभर

चोरखमाऱ्यात कुणाच्या घरी पाहुणा उतरला तर दिवस मावळायच्या आत गावभर खबर असते. कोणाचा कोण, कुठून आला, किती दिवस राहणार. नागझिऱ्याच्या गेटालगतचं गाव, बाहेरचा माणूस लगेच नजरेत भरतो. तिरोडा तालुक्यातलंच काय, कुठल्याही खेड्यात हेच चालतं. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धात अल्बानियातल्या मुस्लिम कुटुंबांनी ज्यूंना घरात लपवून वाचवलं असं ऐकलं की पहिला प्रश्न पडतो: गावापासून लपवलं तरी कसं?

लपवलंच नव्हतं. निदान शेन्जेर्ज गावात तरी नाही.

सप्टेंबर 1943 मध्ये जर्मन फौजा अल्बानियात शिरल्या. त्याच रमजानच्या दिवसांत राजधानी तिरानाहून 17 ज्यू जीव मुठीत धरून या डोंगरी गावात आले. गावकऱ्यांनी त्यांना आपसात वाटून घेतलं. देस्तान आणि लिमे बाल्ला या नवरा-बायकोच्या वाट्याला लाझार आडनावाचे तिघे भाऊ आले. घरची गरिबी एवढी की जेवायला टेबलसुद्धा नव्हतं, असं लिमेंनी पुढे सांगितलं. तरी खाण्या-राहण्याचा एक पैसा घेतला नाही. लिमे जंगलात जाऊन लाकडं फोडायच्या, पाणी भरायच्या. भाजीपाला घरचाच. पाहुण्यांना आपल्यासारखेच शेतकऱ्याचे कपडे घातले. असे 15 महिने गेले. गावात ज्यू आहेत हे तिथल्या पोलिसांनाही ठाऊक होतं!

15 महिने म्हणजे किती, हे घर चालवणाऱ्या बाईला विचारा. आपल्याकडे पाहुणा आठ दिवस राहिला की पिठाच्या डब्याकडे नजर जाते. या गोष्टी सांगताना आपण पुरुषांच्या हिमतीबद्दल बोलतो, पण रोजचं सरपण, पाणी आणि तीन जास्तीची ताटं बाईच्याच माथी होती.

अल्बानियात याला ‘बेसा’ म्हणतात. दिलेला शब्द पाळणं, आणि दारात आलेल्याची जबाबदारी जिवावर घेणं. आपल्या भाषेत अमानत म्हटलं की अर्थ बराचसा कळतो. एका घराने शब्द दिला की शेजाऱ्यालाही तो मोडवत नसे.

क्रुया गावच्या वेसेली कुटुंबाचंही तसंच. त्यांचा पोरगा रेफिक तिरानात मोशे मांदिल या ज्यू फोटोग्राफरकडे काम शिकत होता. जर्मन आल्यावर त्याने उस्तादाचं अख्खं कुटुंब खेचरांवरून, रात्रीचा प्रवास करत आपल्या गावी आणलं. आईवडील गोठ्यावरच्या खोलीत राहिले, मुलं मात्र वेसेलींच्या मुलांत मिसळून उघड खेळायची. पुढे रेफिकच्या भावाने आणखी एक ज्यू कुटुंब आणलं. नोव्हेंबर 1944 पर्यंत सगळे तिथेच होते.

युद्धाआधी अल्बानियात जेमतेम 200 ज्यू होते, युद्ध संपलं तेव्हा त्याहून जास्त, कारण शेजारच्या देशांतून पळून आलेलेही वाचले. जेरुसलेममधल्या याद वाशेम या स्मारक संस्थेने 70 हून अधिक अल्बानियन लोकांचा गौरव केला आहे. त्यात ख्रिश्चनही आहेत, हेही सांगायला हवं. आणि शेजारच्या कोसोव्होत, 1944 मध्ये, एसएसच्या स्कंदरबेग डिव्हिजनमधल्या अल्बानियन शिपायांनीच ज्यूंना पकडलं. तेही मुस्लिमच होते.

गाझाच्या बातम्या रोज येत असताना ही गोष्ट आता कशाला, असं घरातली तरुण पोरं विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण इस्रायलचं सरकार जे करतं त्याचा जाब त्या सरकारला विचारायचा. शेन्जेर्जच्या दारात उभ्या माणसाचा त्यात काय दोष? तेव्हा तर तो देशही नव्हता. आपल्या कोकणात, अलिबाग-रेवदंड्याकडे, बेने इस्रायली पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत, तेलाचे घाणे चालवत राहिले. शनिवारी काम बंद, म्हणून ‘शनिवार तेली’. त्यांच्यावर लपायची वेळ आली नाही, कारण शेजारी शेजाऱ्यासारखे वागले.

बोस्नियाच्या सारायेव्हो शहरात 1941 च्या बॉम्बहल्ल्यात योसेफ काबिलिओ यांचं घर उद्ध्वस्त झालं, तेव्हा हार्दागा कुटुंबाने त्यांना बायकामुलांसह घरात घेतलं. समोरच गेस्टापोची कचेरी. हार्दागांच्या घरात पडदा पाळत, पण काबिलिओंना त्यांनी सांगितलं की तुम्ही घरचे, आमच्या बायका तुमच्यापासून चेहरा झाकणार नाहीत. घरच्या सूनबाई झेनेबा यांचे वडील अहमद सादिक यांनी दुसऱ्या एका ज्यू कुटुंबाला आसरा दिला होता. त्यापायी त्यांना यासेनोवाच छावणीत नेऊन मारण्यात आलं.

पन्नासेक वर्षांनी सारायेव्होला पुन्हा वेढा पडला, या वेळी बोस्नियन मुस्लिमांच्या जिवावर. 1994 मध्ये म्हाताऱ्या झेनेबांना मुलगी, जावई आणि नातीसह त्या वेढ्यातून बाहेर काढून इस्रायलला नेण्यात आलं. त्याच वर्षी तिथे त्यांचा इंतकाल झाला.