फोटोच्या पायथ्याशी

काकांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा स्लाइड शो माझ्या गळ्यात पडला, कारण घरात 'तिला कॉम्प्युटरमधलं कळतं' असा माझा जुना लौकिक आहे. पौर्णिमा ते पौर्णिमा सरासरी साडेएकोणतीस दिवस. त्या हिशेबाने हजार पौर्णिमांना 80 वर्षं आणि दहाएक महिने लागतात. काकांचे तेवढे भरत आले होते आणि माझ्या हातात होते 17 दिवस.

काकूने बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणि तीन अल्बम पुढ्यात आणून ठेवले. काळ्या जाड कागदाची पानं, मध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला पातळ कागद, फोटो कोपऱ्यांत अडकवलेले. बहुतेक फोटो सहा सेंटीमीटरचे चौकोन. काकांकडे आग्फाचा क्लिक थ्री होता, आपल्या बडोद्यात बनणारा. एका रोलवर 12 फोटो निघत आणि रोल संपल्याशिवाय धुवायला जात नसे. त्यामुळे एकाच रोलवर पन्हाळ्याची सहल, चुलतबहिणीचं बारसं आणि दिवाळी असा अख्खा मोसम सापडतो. 1973 सालचे एकूण नऊ फोटो मिळाले. 2019 च्या एकट्या केरळ सहलीचे फोनमध्ये साडेसहाशे आहेत.

स्कॅनिंगला मी इंचाला 600 ठिपके धरले. सव्वादोन इंचांच्या फोटोला तेराशेच्या आसपास ठिपके मिळतात आणि टीव्हीच्या पडद्याची उंची 1080 असते, म्हणजे भागतं. बाराशेवर नेऊन पाहिलं. काकूचा चेहरा काही जास्त उमटला नाही, धूळ मात्र दुपटीने दिसायला लागली. स्कॅनरची काच दर दहा फोटोंनंतर पुसायची, हे मी चाळीस फोटो झाल्यावर शिकले. त्या चाळिसांतल्या प्रत्येकाच्या डाव्या कोपऱ्यात एकच केस आहे.

ऐंशीच्या दशकातले रंगीत प्रिंट सगळे तांबूस झालेत. त्यांच्यातला निळसर-हिरवा रंग आधी उडतो आणि मागे लाली उरते. सॉफ्टवेअरमध्ये रंग आपोआप सुधारणारं बटण असतं. ते दाबलं की लाली जाते, पण तिच्याबरोबर काकूची डाळिंबी साडीही धुवून निघते. मी अर्धीच लाली काढली. ती काही वाईट दिसत नाही.

तारखांचा गोंधळ निराळाच. नातेवाइकांनी व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या फोटोंच्या नावात दिवस असतो तो पाठवल्याचा. त्यामुळे तारखेप्रमाणे लावल्यावर काका-काकूंचं 1969 चं लग्न 2021 मध्ये, नातवाच्या मुंजीनंतर लागलं. शेवटी प्रत्येक फाईलला हाताने नाव दिलं, साल आधी. साल आठवेना तिथे काकूला विचारायचं. ती सालं सांगत नाही. 'तेव्हा गच्चीवर पत्रे नव्हते' असं सांगते. पत्रे 1978 चे, म्हणजे फोटो त्याआधीचा.

मग जोडणी. पिकासा होतं तेव्हा फोटो निवडून एक बटण दाबलं की काम होई. ते 2016 मध्ये बंद झालं. आता मी शॉटकट वापरते, फुकट आहे. त्याची प्रोजेक्ट फाईल म्हणजे वाण्याची यादी, सामान नव्हे. फोटो ज्या फोल्डरमध्ये असतात तिथेच राहायला हवेत. मी एका रात्री आवराआवर म्हणून फोल्डर हलवला आणि सकाळी यादी होती, सामान गायब.

निवडीअंती 96 फोटो उरले. पाच-पाच सेकंदांनी आठ मिनिटं होतात, पण एक विरत दुसरा उमटतो त्या एकेका सेकंदावर दोघांचाही हक्क असतो. 95 सांध्यांत 95 सेकंद गळतात आणि उरतात सहा मिनिटं पंचवीस. शिवाय पाच सेकंद सगळ्यांना पुरत नाहीत. एकट्या चेहऱ्याला चार बास होतात. पंधरा जणांच्या ग्रुप फोटोत माणूस आधी स्वतःला शोधतो, मग आईला, मग 'हा कोण' म्हणून शेजारच्याला विचारतो. त्याला आठ दिले. फोटो पान उलटल्यासारखे किंवा चांदणीतून उघडणारे जे प्रकार असतात, ते लग्नाच्या हॉललाच लखलाभ.

चौकोनी फोटो आडव्या पडद्याची जेमतेम 56 टक्के रुंदी भरतो. उरलेल्या जागेत हल्ली तोच फोटो फुगवून, धूसर करून मागे लावतात. मला ते सोसत नाही. आजोबांच्या दोन्ही बाजूंना आजोबांचेच प्रचंड गाल. मी काळं ठेवलं, अल्बमच्या पानासारखं.

आणि मग लक्षात आलं की ज्यांचा सोहळा ते काकाच कुठे नाहीत. कॅमेरा त्यांच्या हातात. 1971 ते 1990 या वीस वर्षांत त्यांचे फोटो मोजून सहा. पण साध्या कॅमेऱ्याला ऊन पाठीशी हवं, हा नियम ते कसोशीने पाळत. त्यामुळे सकाळ-संध्याकाळच्या फोटोंत खाली, गवतावर नाहीतर नरसोबाच्या वाडीच्या घाटावर, त्यांची लांब सावली पडलेली आहे. कोपरं बाहेर, दोन्ही हात छातीशी. अशा 14 सावल्या निघाल्या. स्कॅन करताना यातल्या दोन मी नको म्हणून कापल्या होत्या; त्या परत काढल्या.

स्थिर फोटोवरून नजर सावकाश सरकवण्याच्या युक्तीला केन बर्न्स या अमेरिकी माहितीपटकाराचं नाव पडलंय, त्याच्या यादवी युद्धावरच्या 1990 च्या मालिकेमुळे. 1957 च्या 'सिटी ऑफ गोल्ड' या कॅनडाच्या माहितीपटातही ती आहे. सगळीकडे वापरली की बोट लागते. मी फक्त त्या चौदांना दिली: सुरुवात सावलीच्या डोक्याशी, मग जमिनीवरून सरकत पायांपर्यंत, साडीच्या काठापर्यंत, चेहऱ्यांपर्यंत. आठ सेकंद.

काकांचा एकटा, धड असा फोटो एकच होता, तोही डब्यातल्या निगेटिव्हमध्ये, प्रिंट न काढलेला. काकूने काढलेला. साधा स्कॅनर निगेटिव्ह नीट घेत नाही, म्हणून एका फोनचा पडदा पांढरा करून त्याच्यावर निगेटिव्ह धरली, दुसऱ्या फोनने टिपली आणि कॉम्प्युटरवर काळ्याचं पांढरं केलं. शो त्या फोटोवर थांबवला.

समारंभात सावल्या आल्या तेव्हा आधी कुणाला काही कळलं नाही. तिसऱ्या सावलीला आत्याने 'दादा!' म्हणून बोट दाखवलं आणि मग पोरं मोजायलाच लागली. काका गप्प होते. शेवटच्या फोटोवर चष्मा सारखा करून पुढे वाकले.

"अगं, माझ्या शर्टाचा खिसा उजवीकडे कधीपासून?"

निगेटिव्हची चकचकीत बाजू कॅमेऱ्याकडे हवी. मी मंद बाजू धरली होती. डाव्याचं उजवं झालं होतं. मी सांगायला तोंड उघडलं, तोवर काकू म्हणाली, "फोटो मी काढलाय ना, तुम्हाला उलटाच दिसणार."