हिरवं दिसलं म्हणजे पिकलं नव्हे

ठाण्याहून घोडबंदर रस्त्यानं वरसाव्याकडे निघालं की वाटेत चेणे लागतं. कागदोपत्री हे मीरा-भाईंदर महानगरपालिकेतलं गाव. एका अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, दुसऱ्या अंगाला उल्हासची खाडी, आणि मधून डोंगरातलं पाणी खाडीला नेऊन घालणारी चेणे नदी. जुलैत इथं शहरातली गर्दी येते ती या पाण्यासाठी. गाडीच्या काचेतून हिरवी खाचरं, तुडुंब ओहोळ आणि बांधावर चरणारी गुरं दिसली की एक वाक्य हमखास कानावर येतं : "यंदा शेतकऱ्याची मजा आहे." चांगल्या वर्षी हे बोललं जातं तसंच वाईट वर्षीही, कारण जुलैतलं उत्तर कोकण दर वर्षी असंच दिसतं. भात, गुरं आणि पाऊस यांबद्दलचे गैरसमजही म्हणूनच या महिन्यात जोमानं उगवतात.

"पाऊस भरपूर, म्हणजे भात भरपूर"

सांताक्रूझच्या वेधशाळेत एकट्या जुलैची पावसाची सरासरी सुमारे ९२० मिमी आहे. भाताच्या पिकाला पेरणीपासून कापणीपर्यंत साधारण १,००० ते १,२०० मिमी पाणी पुरतं. म्हणजे ठाणे-पालघर पट्ट्यात एकूण पाऊस कमी पडून भात गेला, असं क्वचित घडतं. भात जातो तो पाऊस वेळ चुकवतो तेव्हा.

ती वेळ कोणती, हे रस्त्यावरून दिसत नाही. रोपं साधारण २१ ते २५ दिवसांची झाली की आवणी, म्हणजे खाचरात लावणी, व्हायला हवी. पाऊस दडी मारून बसला आणि रोपं वाफ्यातच महिनाभराहून जास्त राहिली, तर पुढं कितीही पाणी मिळालं तरी फुटवे कमी येतात. ऑगस्टमध्ये पंधरा दिवसांची उघडीप आली तर सखल खाचरातल्या भाताला फारसं काही होत नाही, उताराच्या हलक्या जमिनीत मात्र भेगा पडतात. पोटरीत आणि फुलोऱ्यात पाण्याचा ताण बसला तर लोंब्या पोचट राहतात. आणि सगळ्यात कठीण परीक्षा येते ऑक्टोबरात, पीक कापून खाचरात पसरलेलं असतं तेव्हा. २०१९ च्या ऑक्टोबरअखेरीस अरबी समुद्रात 'क्यार' चक्रीवादळ होतं. त्या दिवसांतल्या पावसानं कोकणात कापलेलं भात भिजलं, दाण्याला कोंब फुटले, पेंढाही कुजला. त्याच वर्षीच्या जुलैत शेतं डोळे निववतील अशी होती.

लवकर आलेला पाऊसही दर वेळी शुभ नसतो. मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. २०२५ मध्ये तो २६ मेलाच आला, नोंदींत इतका लवकर कधीच आला नव्हता. शहरानं उकाड्यातून सुटका झाली म्हणून आनंद मानला. शेतकऱ्याची मात्र धूळवाफेची पेरणी आणि पावसाआधीची मशागत अडली, कारण त्या कामांना जमीन कोरडी लागते.

याच गैरसमजाचं एक भावंड आहे : भात ही पाण्यातलीच वनस्पती, खाचरात पाणी जितकं खोल तितकं चांगलं. भात पाण्यात उभा राहू शकतो, कारण त्याच्या खोडातल्या आणि मुळांतल्या पोकळ्यांतून हवा खालपर्यंत पोहोचते. पाण्यात उभं राहता येणं आणि खोल पाण्याची गरज असणं या दोन वेगळ्या गोष्टी. साचलेल्या पाण्याचा मोठा उपयोग तण दाबण्यासाठी होतो, आणि त्याला दोन ते पाच सेंटिमीटर पाणी पुरतं. आवणीनंतर लगेच रोप शेंड्यापर्यंत बुडून आठवडाभर तसंच राहिलं तर बहुतेक जाती कुजतात. म्हणून मुसळधार पावसात जाणता शेतकरी बांध फोडून पाणी काढून देतो. बाहेरच्याला ती नासाडी वाटते.

पाणी तुंबवायचीच गरज नाही, हे शेजारच्या रायगड जिल्ह्यात करूनही दाखवलं गेलं आहे. नेरळच्या सगुणाबागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी 'सगुणा राइस तंत्र' विकसित केलं. त्यात गादीवाफ्यावर टोकण करतात. चिखलणी नाही, आवणी नाही आणि पुढच्या हंगामात नांगरटही नाही, जुनी मुळं जमिनीतच कुजू देतात. सगळ्यांनी उद्यापासून हेच करावं असं मी म्हणणार नाही. या पद्धतीत तणाचा बंदोबस्त नीट करावा लागतो आणि प्रत्येक खाचराचा उतार सारखा नसतो. पण चिखलात गुडघाभर रुतल्याशिवाय भात होत नाही, ही समजूत तिनं खोटी ठरवली आहे.

खाडीकाठच्या जमिनीबद्दलही असंच बोलतात : खारं पाणी एकदा शिरलं की जमीन मेली. प्रत्यक्षात जून-जुलैचा पाऊस मातीतलं मीठ धुऊन खाली आणि बाहेर नेतो. म्हणून खार जमिनीत पहिल्या सरींनंतर थोडं थांबून लागवड करतात आणि मिठाला तोंड देणारी जात निवडतात. 'पनवेल १, २ आणि ३' या जाती त्यासाठीच काढल्या गेल्या. खरा धोका बांध फुटून पीक उभं असताना भरती आत येण्याचा असतो. खारबंदिस्तीचा कायदा मुंबई प्रांतानं १९४८ सालीच केला, तो याच कारणानं.

"पिवळं पडलंय, युरिया मारा"

या एका सवयीत दर वर्षी बराच पैसा पाण्यात जातो, आणि इथं हा वाक्प्रचार शब्दशः खरा आहे. तुंबलेल्या खाचरात युरिया फेकला की त्यातला मोठा भाग वाहून किंवा हवेत उडून जातो. जुलैतला पिवळेपणा पुष्कळदा नत्राच्या टंचाईचा नसतोच. मुळं गुदमरलेली असतात, सूर्यप्रकाश नसतो, कधी निळे भुंगेरे पानांतलं हिरवं खरवडून नेतात, कधी खोडकिड्यानं मधला पोंगा सुकवलेला असतो. चार दिवस पाणी काढून उघडीप मिळाली की कितीतरी खाचरं आपोआप सुधारतात. जादा नत्रानं पीक काळंभोर दिसतं खरं, पण ते लुसलुशीत होतं आणि कडा करपा व तपकिरी तुडतुड्यांना आमंत्रण मिळतं. गर्द हिरवं शेत हे निरोगी शेत, हा रस्त्यावरून होणारा सगळ्यात मोठा दृष्टिभ्रम.

यावरचा उपाय कोकणात जुना आहे. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीत चार चुडांच्या चौकात मधोमध २.७ ग्रॅमची युरिया-डीएपीची एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचतात. खत मुळांपाशी राहतं, पाण्याबरोबर जात नाही. उरलेली सूत्रं म्हणजे भाताच्या तुसाची राख किंवा पेंढा जमिनीत परत देणं, गिरिपुष्पाचा हिरवा पाला घालणं आणि दोरीवर नेमक्या अंतरानं आवणी करणं. गोळी खोचायला मजूर लागतात आणि ठाण्याच्या वेशीवर मजूर मिळत नाही. पद्धत मागं पडते ती बहुतेक यामुळं, ती चुकीची आहे म्हणून नव्हे.

राबाची गोष्टही याला जोडूनच येते. उन्हाळ्यात रोपवाफ्यावर शेण, पातेरा, टहाळ पसरून जाळतात आणि "राबानं जमिनीला ताकद येते" असं म्हणतात. राब भाजल्यानं तणाचं बी मरतं आणि राखेतून थोडं पालाश-स्फुरद मिळतं, इतकं खरं. पण सेंद्रिय पदार्थ जळून जातो आणि टहाळासाठी झाडं बोडकी होतात. ठाणे जिल्ह्यातल्या राबावरून वनखातं आणि शेतकरी यांच्यातलं भांडण इंग्रजी अमदानीपासूनचं आहे. शेणखत घातलेल्या गादीवाफ्यावर, वेळच्या वेळी तण काढून, राबाशिवाय चांगलं रोप तयार होतं.

"यंदा वाहन बेडूक आहे"

पुनर्वसूचा पाऊस तरणा, पुष्याचा म्हातारा, मघाचा सासूंचा, पूर्वाचा सुनांचा. या नावांत पिढ्यांचं निरीक्षण आहे आणि कामाच्या दिनदर्शिकेसारखा त्यांचा उपयोगही होतो. नक्षत्राच्या वाहनाचं तसं नाही. सूर्याच्या नक्षत्रापासून त्या वेळच्या चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचं, नऊनं भागायचं आणि बाकीवरून हत्ती, बेडूक, गाढव ठरवायचं. या गणितात समुद्राचं तापमान नाही, वारा नाही, डोंगरही नाही. शिवाय उत्तर चेण्याला आणि माणदेशाला एकच मिळतं. एका ठिकाणी जुलैत बांध फोडायची वेळ येते आणि दुसऱ्या ठिकाणी ढगाकडे बघत बसावं लागतं.

वेधशाळेच्या इशाऱ्यांबद्दलचा गैरसमज सुशिक्षितांत जास्त आहे. "रेड अलर्ट दिला आणि ऊन पडलं!" असं म्हणून संदेश फिरतात. इशारा जिल्ह्यासाठी असतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. २०४.४ मिमीपेक्षा जास्त पाऊस जिल्ह्यात काही ठिकाणी झाला तरी इशारा बरोबर ठरतो, मग आपल्या अंगणात थेंबही न पडो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी नोंदला गेला, त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३. दोन्ही ठिकाणं एकाच शहरात आहेत. चेण्यात तर डोंगरात पडलेलं पाणी नदीनं काही वेळात खाली येतं, म्हणून गावात ऊन असतानाही नदी वाढू शकते. सहलीला येणाऱ्यांनी हे एवढं तरी लक्षात ठेवावं.

विजेचंही तसंच. लोक ऐन जुलैच्या मुसळधारेत विजेला भितात आणि ऑक्टोबरच्या स्वच्छ सकाळी निर्धास्त कापणीला जातात. कोकणात विजा जास्त कडाडतात त्या मोसमी पावसाच्या आगेमागे, मे-जूनच्या सुरुवातीला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात, बहुधा दुपारनंतर. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप आगाऊ इशारा देतं. झाडाखाली थांबू नये. वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर झटका बसत नाही, त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. त्या भीतीपायी छाती दाबून श्वास सुरू करण्याची मोलाची मिनिटं वाया जातात.

"चारा हिरवा, गुरं मजेत"

कोवळ्या गवतात बहुतांश पाणीच असतं. उन्हाळाभर पेंढ्यावर राहिलेली गाय अचानक त्यावर सुटली की पातळ शेण टाकते, पोट फुगतं, दूध पातळ होतं. गवताबरोबर सुका पेंढा चालू ठेवायचा, बदल हळूहळू करायचा, हे जुन्या माणसांना ठाऊक होतं. ऑक्टोबरात भिजून कुजलेला पेंढा पुढच्या जुलैत असा नडतो.

पावसाळ्यातले मोठे शत्रू दोन. घटसर्पात ताप चढतो, गळा सुजून गरम होतो आणि जनावर एखाद्या दिवसातही दगावतं. फऱ्या होतो तो सहा महिने ते दोन वर्षांच्या, चांगल्या पोसलेल्या गुरांना. "माझं वासरू धष्टपुष्ट आहे, त्याला कशाला लस?" हा युक्तिवाद म्हणूनच उलटा आहे. दोन्हींवर पशुसंवर्धन खात्याची लस आहे, पण ती पावसाआधी टोचायची, कारण प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे जातात. साथ आल्यावर धावाधाव करून उपयोग थोडा. गळ्याखाली थंड, न दुखणारी सूज हळूहळू आली असेल तर ती बहुधा चपट्या कृमींची. त्या पाणथळीतल्या गोगलगायींमार्फत येतात आणि त्यांचं औषध वेगळं. दोन्ही सुजांना एकच झाडपाला बांधण्यानं वेळ तेवढा जातो.

गुरांच्या लम्पी त्वचारोगाची २०२२ ची साथ आठवत असेल. तेव्हा अनेक घरांनी दूध बंद केलं. लम्पी माणसाला होत नाही, ती पसरते गोमाश्या, डास, गोचिडांनी, आणि उकळलेलं दूध प्यायला हरकत नाही. माणसाला खरा धोका आहे तो लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा. तो फक्त उंदरांमुळं होतो असं समजतात, पण बाधित गुरांच्या मूत्रातूनही जंतू चिखलात उतरतात आणि पायाच्या जखमेतून आत शिरतात. पायाला चीर असताना चिखलात काम झालं असेल तर ताप येण्याची वाट न बघता डॉक्टरांना विचारून डॉक्सिसायक्लिन घ्यावं.

बिबट्याचं नाव निघाल्याशिवाय इथल्या गोठ्याची गोष्ट पुरी होत नाही. तो गुरांसाठीच गावात येतो असं नाही. भटकी कुत्री हा त्याचा नेहमीचा आहार आहे आणि कुत्री येतात कचऱ्यावर. शेळ्या रात्री चारही बाजूंनी बंद गोठ्यात ठेवाव्यात. जनावर मारलं गेलंच तर ते हलवू नये, वनखात्याचा पंचनामा झाल्याशिवाय भरपाई मिळत नाही.

राहिला शेवटचा समज : गाव महापालिकेत गेलं, आता सरकारी दप्तरी शेती उरली नाही. जमीन शेतीची असेल तर सातबारा आहे, आणि त्यावर पीक चढवण्यासाठी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आहे. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिमी पाऊस ही अतिवृष्टीची मोजपट्टी आहे आणि ३३ टक्क्यांहून जास्त नुकसान ही मदतीची अट, पण पिकाची नोंदच नसेल तर पंचनाम्यात काय लिहिणार? चेण्याच्या शेतकऱ्यांनी ही नोंद मुदतीत करावी. आणि जुलैत नदीवर येणाऱ्यांनी बाटल्या खाचरात फेकू नयेत. त्या काचेनं फाटलेल्या पायानंच कोणाला तरी दुसऱ्या दिवशी आवणीला उतरावं लागतं.