गिरणीत पीठ वाढतं का?

"बाई, गिरणीत पीठ वाढतं का ओ?"

चौथीतल्या एका मुलीने भर वर्गात विचारलं आणि सगळे खो खो हसले. ती मात्र हसली नाही. त्याचं असं झालं होतं, आईने डबा काठोकाठ भरून नागली दिली. ती दळून आणायला गेली, तर पीठ डब्यात मावेना! उरलेलं पिशवीतून आणावं लागलं. आजोबा म्हणाले, "गिरणीवाल्याने दुसऱ्याचं पीठ मिसळलं." आता ते भांडायला निघणार होते.

मुलांनो, खरं सांगू? मलाही पटकन उत्तर देता आलं नाही. मग आम्ही मोजूनच पाहायचं ठरवलं. दुकानातून तागडी नि वजनं मागून आणली, दुधाचं एक लिटरचं माप आणलं. सपाट मापभर नागली भरली साधारण पावणेआठशे ग्रॅम. त्याच मापात पीठ हलक्या हाताने भरलं, तर जेमतेम साडेपाचशे! मग माप दोन-चारदा जमिनीवर आपटलं. पीठ खाली बसलं, वर रिकामी जागा झाली. ती भरून पुन्हा तोललं, तर साडेसहाशेच्या पुढे.

म्हणजे वाढलं काय? पीठ नव्हे, पिठातली हवा! नागलीचे गोल दाणे एकमेकांना खेटून बसतात. पिठाचे खडबडीत कण एकमेकांना अडतात, मध्ये हवा कोंडते. पुढच्या खेपेला आजोबांनी दळणाआधी नि दळणानंतर दोन्ही वेळा वजन करवलं. पीठ थोडं कमीच भरलं, कारण थोडं जात्याला चिकटतं, थोडं उडतं. गिरणीवाला सुटला बिचारा.

आमच्या हरसूलकडच्या जुन्या माणसांना ही माया मापाची ठाऊक असते बरं का. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेरांची पायली. ही सगळी भांड्याची मापं. त्यातही शीग लावून भरलं की वेगळं, सपाट भरलं की वेगळं. घेणारा शीग मागायचा, देणारा हात फिरवून सपाट करायचा! त्यात पायलीही मुलखामुलखात निराळी. आणखी गंमत म्हणजे वजनाचाही एक शेर होता, ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा. नाव एकच, पण एक शेर भांड्यात, दुसरा तागडीत. हा घोळ मिटवायला १९५६ साली देशात वजनमापांचा कायदा झाला आणि हळूहळू किलो नि लिटर आले.

किलो आणि लिटर यांची जोडी जमते ती पाण्यापाशी. फ्रान्समध्ये १७९५ साली ग्रॅम ठरवला तोच मुळी एक घन सेंटिमीटर पाण्यावरून. म्हणून एक लिटर पाणी जवळजवळ एक किलो भरतं. पण तेलाची पिशवी वाचून पाहा. एक लिटर तेलाचं वजन ९१० ग्रॅमच्या आसपास छापलेलं असतं.

घरी २०० मिलिलिटरची वाटी घ्या. सपाट भरली तर तांदूळ साधारण १६० ग्रॅम, साखर १७०, गव्हाचं पीठ १०० ते ११०, बारीक मीठ मात्र २४० च्या घरात. तेव्हा "एक वाटी म्हणजे किती ग्रॅम?" असं कुणी विचारलं, तर आधी विचारायचं, "कशाची वाटी?"

शाळेच्या जेवणाचंही तसंच आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ नि २० ग्रॅम डाळ हे प्रमाण आहे. चाळीस मुलं म्हणजे चार किलो तांदूळ, ८०० ग्रॅम डाळ. पण मावशी भांड्याने मोजतात. भांडं ठेचलं, बदललं किंवा हात जरा आखडला, की शेवटच्या पंगतीला भात कमी पडतो. म्हणून भांडं एकदा तागडीवर नीट तोलून घ्यायचं, आणि तांदूळ कुठवर, डाळ कुठवर याच्या खुणा आतून करायच्या.

त्या मुलीने आपल्या डब्यावर खिळ्याने खूण कोरलीय. काठापासून चार बोटं खाली. तिथवरच नागली भरून ती आता गिरणीत जाते.